बाकांची दोरी कधी सोडायची?

ताई, सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीतील ८४ सदनिकांच्या एका सोसायटीची मी गेली चार वर्षे सेक्रेटरी आहे. नोकरी बँकेत, वय ५१. करोनाच्या काळात आमच्या कमिटीने जे नियम केले ते बहुतेक सगळे अजून चालू आहेत. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही आणि दुपारी बारानंतर आवारात यायचे नाही. पार्सल आणणाऱ्याने ते फाटकापाशी टेबलावर ठेवून जायचे. पाहुण्यांनी लसीचे प्रमाणपत्र दाखवायचे. आवारात मास्क नसेल तर २०० रुपये दंड. सभागृह बंद. बागेतल्या बाकांवर कोणी बसू नये म्हणून गुंडाळलेली नायलॉनची दोरी दोन वर्षे तशीच आहे.

गुढीपाडव्याला (२ एप्रिल २०२२) सरकारने निर्बंध उठवले तेव्हा ‘आपणही उठवू या’ असे मी ग्रुपवर लिहिले आणि वाद पेटला. एप्रिलमधल्या सभेत आरडाओरड झाली. आता सोसायटीचे दोन ग्रुप आहेत आणि एका ग्रुपमधली माणसे दुसऱ्या ग्रुपमधल्यांशी जिन्यातही बोलत नाहीत. २२ मे रोजी विशेष सर्वसाधारण सभा आहे.

माझा धाकटा भाऊ याच सोसायटीत राहत होता. एप्रिल २०२१ मध्ये तो गेला, ४३ वर्षांचा होता. त्या वर्षी आमच्याकडची चार माणसे गेली आणि एकाचीही शोकसभा झाली नाही. परवाच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “तुमच्या घरातला माणूस गेला, आणि तुम्हीच दारे उघडायला निघालात?” त्यांच्या यजमानांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. मला उत्तर सुचले नाही, मी खाली बसले. सभेत मी काय करावे आणि त्यांना काय सांगावे, हे दोन्ही मला सांगा.

— एक सेक्रेटरी, डोंबिवली


सप्रेम नमस्कार.

सभा जवळ आली आहे, म्हणून माझे मत आधी सांगते. तुम्ही लिहिलेल्या सहा नियमांपैकी एकही नियम सक्तीचा म्हणून पुढे चालू ठेवावा असे मला वाटत नाही. मात्र ते कशा रीतीने उठवले जातात याला मी तितकेच महत्त्व देते, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या बाई त्या सभेतून ‘आपण हरलो’ असे मनात घेऊन घरी गेल्या, तर त्यांच्या यजमानांना ज्या रात्री खरोखर शेजाऱ्यांची गरज पडेल त्या रात्री त्या कोणालाही हाक मारणार नाहीत.

हे नियम कोठून आले ते आधी आठवू या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तिला दोन कायद्यांचा आधार होता, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा. (हा दुसरा कायदा मुंबई इलाख्यात प्लेग पसरला होता तेव्हा इंग्रज सरकारने केला. त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तातील सक्तीवरून पुण्यात केवढा क्षोभ उसळला हे आपण शाळेत शिकलो आहोत, तेव्हा साथीच्या नियमांवरून माणसे एकमेकांवर उठतात हे आपल्या भागाला नवे नाही.) पुढे राज्य सरकारचे ‘ब्रेक द चेन’चे आदेश येत गेले. जून २०२१ मध्ये जिल्ह्यांची पाच स्तरांत विभागणी झाली, तेव्हा कोणता जिल्हा कोणत्या स्तरात बसतो हे दोन गोष्टींवरून ठरत असे : तपासलेल्या नमुन्यांपैकी किती बाधित निघाले आणि ऑक्सिजनच्या खाटांपैकी किती भरल्या. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आणि भरलेल्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी असतील, तर तो जिल्हा पहिल्या स्तरात, म्हणजे जवळजवळ मोकळा.

या आदेशांवरही काही कमी भांडणे झाली नाहीत. दुकाने दुपारी चार वाजता बंद करण्याच्या अटीविरुद्ध पुण्यातले आणि कोल्हापुरातले व्यापारी उभे राहिले. मंदिरे उघडावीत म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये शंखनाद आंदोलने झाली आणि मंदिरे अखेर ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला निम्म्या आसनांनिशी सुरू झाली, तोवर पडद्यामागच्या कामगारांनी घर कसे चालवले हे त्यांनाच ठाऊक. लोकलचा प्रवास १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच मिळत होता, आणि ती अट न्याय्य आहे का हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. शाळा १७ ऑगस्टला उघडण्याचे जाहीर झाले, मग ते थांबले, मग ४ ऑक्टोबरला शहरांत आठवी ते बारावी आणि खेड्यांत पाचवी ते बारावीचे वर्ग भरले, पहिली-दुसरीच्या मुलांना डिसेंबरची वाट पाहावी लागली, आणि जानेवारीत ओमायक्रॉन आल्यावर वर्ग पुन्हा काही आठवडे बंद झाले. त्या सगळ्या काळात मी बहुतेक वेळा निर्बंधांच्या बाजूने बोलत होते. दुसऱ्या लाटेत राज्यात एका दिवसात अडुसष्ट हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते तेव्हा ते बरोबरच होते असे मला आजही वाटते. शाळांच्या बाबतीत मात्र आपण फार उशीर केला, आणि त्या उशिराची किंमत ज्यांच्या घरी दुसरा मोबाइल नव्हता त्या मुलांनी दिली, असे माझे मत झाले आहे.

हे सगळे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की सरकारचे आदेश चुकले असोत वा बरोबर असोत, ते कशासाठी आहेत, कोणत्या स्थितीत सैल होतील आणि कोणत्या दिवशी संपतील हे त्यांच्यात बरेचदा लिहिलेले असे, आणि म्हणून २ एप्रिल २०२२ ला ते उठवताही आले. तुमच्या कमिटीने नियम केले ते घाईने, भीतीने आणि चांगल्या हेतूने, पण ते कधी काढायचे हे लिहून ठेवले नाही. अशा नियमाला आपणहून अंत नसतो. तो काढा म्हणणाऱ्यावर ‘मग काही झाले तर जबाबदार कोण’ असा प्रश्न येतो आणि तो चालू ठेवणाऱ्याला कोणीच काही विचारत नाही. तेव्हा सभेत पहिली गोष्ट ही करा की जुनी इतिवृत्ते काढून प्रत्येक नियम कोणत्या तारखेला आणि कोणते कारण नोंदवून केला ते मोठ्याने वाचून दाखवा. काही नियमांना ठरावच सापडणार नाही असा माझा अंदाज आहे. बाकांची दोरी त्यांतलीच असेल, आणि तसे असेल तर ती सोडण्यासाठी २२ तारखेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.

आता प्रत्येक नियमाकडे पाहू, पण सगळ्यांना सारखा वेळ देण्याची गरज नाही.

बाक आणि पार्सलचे टेबल हे दोन्ही नियम, हा रोग वस्तूंना हात लावल्याने पसरतो, या सुरुवातीच्या समजुतीतून आले. आपण भाज्या सोड्याच्या पाण्यात धुतल्या आणि वर्तमानपत्र उन्हात ठेवले ते त्याच समजुतीने. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितले की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहून कमी आहे. त्याच्या पुढच्या महिन्यात आपल्या केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने काढलेल्या सूचनांत भर होता तो हवेवर : बंद खोलीत बाधित माणसाच्या श्वासातले सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या-दारे उघडी ठेवा, हवा बाहेर फेकणारे पंखे बसवा. या माहितीनंतर तुमच्या आवाराचे चित्र नव्याने पाहा. उघड्या आकाशाखालचा बाक ही सोसायटीतली सर्वांत सुरक्षित बैठक होती, आणि तिला दोरी बांधून आपण म्हाताऱ्या माणसांना बंद खोलीत बसवले. पंचाहत्तरीच्या माणसाने संध्याकाळी खाली उतरून दोन माणसांशी बोलणे हे त्याच्या गुडघ्यांसाठी आणि मनासाठी औषधाइतकेच लागते. हे दोन नियम सभेत वाद न होता जातील.

लसीच्या प्रमाणपत्राचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी लस घेण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही असा निकाल दिला आहे, आणि संसर्गाचे प्रमाण कमी आहे तोवर लस न घेतलेल्यांवर घातलेल्या बंधनांचा फेरविचार खासगी संस्थांनीही करावा असे सुचवले आहे. लस घ्यावी असे माझे ठाम मत आहे, आणि तिने असंख्य जीव वाचवले याविषयी मला शंका नाही. परंतु दोन डोस घेतलेल्यांनाही जानेवारीत संसर्ग झाला आणि त्यांच्याकडून इतरांना तो गेला, हे आपण घरोघरी पाहिले. तेव्हा पाहुण्याच्या मोबाइलमधले प्रमाणपत्र पाहून वॉचमनला तो पाहुणा निर्धोक आहे की नाही हे कळत नाही.

दंडाविषयी एवढेच विचारा की हे २०० रुपये कोणत्या उपविधीखाली घेतले जात होते आणि ते कोणत्या खात्यात जमा झाले. सरकारने मास्क ऐच्छिक केल्यावर सोसायटीच्या मागे सरकारी आदेशाचे बळ उरलेले नाही. यावर कोणीतरी दिल्लीचे उदाहरण देईल, आणि ते उदाहरण खरे आहे : दिल्लीने एप्रिलच्या सुरुवातीला दंड बंद केला आणि रुग्ण वाढल्यावर त्याच महिन्यात ५०० रुपयांचा दंड पुन्हा लावला. त्यांना सांगा की हा मुद्दा तुम्हाला मान्य आहे, साथ पुन्हा वाढू शकते, आणि महापालिकेचा किंवा राज्याचा नवा आदेश आला तर तो सोसायटी त्याच दिवशी पाळेल असे वाक्य ठरावात घाला. त्या एका वाक्याने बऱ्याच जणांची भीती कमी होईल, कारण त्यांना दार कायमचे बंद ठेवायचे नसते, वेळ आली तर ते लावता येईल एवढी खात्री त्यांना हवी असते.

घरकामाच्या बायकांच्या लिफ्टबद्दल मात्र मला थांबून बोलायचे आहे, आणि तुम्हीही सभेत त्यावर थांबावे अशी माझी विनंती आहे.

हा नियम इतर पाचांसारखा नाही. तुमच्या सोसायटीतली नोकरदार माणसे सकाळच्या गर्दीच्या लोकलने, श्वास घ्यायला जागा नसलेल्या डब्यातून, मुंबईला जातात आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत येऊन सरळ लिफ्टमध्ये शिरतात. जवळच्या वस्तीतून चालत आलेली बाई मात्र जिना चढते. संसर्गाचाच विचार केला तर या दोघांत कोणाचा धोका अधिक, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. शिवाय ती बाई ज्या घरी जाते त्या घराच्या स्वयंपाकघरात तासभर काम करणार असते, त्यामुळे लिफ्टमधली दोन मिनिटे टाळून त्या घराचेही रक्षण होत नाही. हा नियम टिकला याचे कारण, माझ्या मते, साथीच्या आधीपासून आपल्या मनात आहे. कामाला येणाऱ्या माणसांसाठी वेगळी लिफ्ट ठेवणाऱ्या इमारती २०१९ मध्येही होत्या. वेगळी कपबशी ठेवणारी घरे तर आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्या कपबशीमागे या महाराष्ट्रात केवढा इतिहास आहे हेही आपल्याला ठाऊक आहे. रोगाने त्या जुन्या सवयीला आरोग्याचे कारण मिळवून दिले.

मी हे दुसऱ्यांना सांगते आहे, परंतु मीही तेच केले होते. माझ्या आईकडे वीस वर्षांहून अधिक काळ काम करणाऱ्या बाईंना मी टाळेबंदी उठल्यानंतर घरात येऊ दिले, पण त्यांचा चहा वेगळ्या स्टीलच्या पेल्यात आणि दाराबाहेर, पायरीवर देऊ लागले. त्या वेळी आई ८१ वर्षांची होती, तिला मधुमेह होता, आणि मला वाटणारी भीती खरी होती. पण लसीचे दोन्ही डोस त्या दोघींचे झाल्यावरही तो पेला मी तसाच ठेवला. एके दिवशी आईने स्वतः उठून त्यांना आत बोलावले, आपल्याच कपात चहा दिला आणि मला म्हणाली, “मी आजारी पडले तेव्हा माझे अंथरूण हिने धुतले होते.” त्यानंतर तो पेला मी कधी वापरला नाही, पण त्या बाईंची मी माफी मागायला आणखी तीन महिने लावले, आणि ते तीन महिने मला अजून टोचतात.

बारानंतरच्या बंदीचाही हिशेब मांडा. चार-पाच घरी काम करणाऱ्या बाईची दुपारची दोन घरे या नियमाने सुटली असतील, तर त्या दोन घरांचा पगार दर महिन्याला, दोन वर्षे, तिच्या संसारातून गेला. सोसायटीतल्या कोणाच्याही मेंटेनन्समध्ये या नियमामुळे एक रुपयाची वाढ झाली नाही. जो नियम करणारे वेगळे आणि सोसणारे वेगळे असतात तो नियम सभेत कोणाला जाचत नाही, कारण सोसणारी माणसे सभासदच नसतात. म्हणून सभेच्या आधी तुम्ही आणि कमिटीतल्या आणखी एकीने या बायकांशी बोला, त्यांच्यापैकी किती जणींची कामे सुटली आणि सात-सात मजले चढून कोणाच्या गुडघ्यांचे काय झाले ते विचारा, आणि त्यांची नावे न घेता ते सभेत सांगा. हा नियम मतदानाला ठेवू नये असे मला वाटते. तो चुकीचा होता असे कमिटीने सांगून मागे घ्यावा, आणि सूचना लावताना ‘आता परवानगी देण्यात येत आहे’ असे शब्द त्यात नसावेत.

सभागृह उघडताना काळजी घेणे मला रास्त वाटते, कारण ती बंद जागा आहे. खिडक्या उघडतात की रंगाच्या थरांनी चिकटून बसल्या आहेत ते पाहा, हवा बाहेर फेकणारे दोन पंखे बसवा, आणि एकदम शंभर-दीडशे माणसांच्या समारंभांना देण्याऐवजी सुरुवातीचे काही आठवडे लहान कार्यक्रमांना द्या. उघडण्याच्या बाजूच्या मंडळींना हे पटवणे तुमचे काम आहे. त्यांच्या ग्रुपवर ‘भित्रे’ वगैरे जे शब्द फिरत असतील ते थांबवणेही तुमचेच काम आहे, कारण राज्यात मे २०२२ पर्यंत सरकारी नोंदीप्रमाणेच एक लाख सत्तेचाळीस हजारांहून अधिक माणसे या रोगाने गेली आहेत आणि त्यांतली चार तुमच्या जिन्यांवरून जाणारी होती.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे येते.

त्यांचे वाक्य तुम्हाला लागले, आणि ते लागावे असेच होते. पण त्या बाईंच्या जागी उभे राहून ते पुन्हा ऐका. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाला शरीराने ते मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि त्यामुळे लसीचा परिणामही त्याच्यावर इतरांपेक्षा कमी होतो. त्यांच्या घरातला धोका २ एप्रिलला संपला नाही. दोन वर्षे सगळी इमारत त्यांच्याइतकीच सावध होती, त्यामुळे त्यांना एकटे वाटत नव्हते. पाडव्यापासून बाकीचे जग पुढे निघाले आणि त्या मागे राहिल्या. त्यांनी तुम्हाला जे विचारले त्याचा अर्थ मी असा घेते की निदान जिने माणूस गमावला आहे ती बाई तरी आपल्या बाजूने उभी राहील, असे त्यांना वाटत होते.

त्यांचे भय खरे आहे, पण हे सहा नियम त्यांच्या यजमानांचे रक्षण करत नाहीत, हे त्यांना समजावून सांगण्याची जागा सभा ही नव्हे. २२ तारखेच्या आधी त्यांच्या घरी जा, फोन करून, त्यांना सोयीची वेळ विचारून, आणि मास्क लावून. मास्क लावून जाणे म्हणजे त्यांच्या मताला शरण जाणे नव्हे, त्यांच्या उंबऱ्याच्या आत त्यांचा नियम चालतो हे मान्य करणे आहे. सर्वांना सक्ती नको असे म्हणणाऱ्यांनी, ज्याला सावध राहायचे आहे त्याला मोकळेपणाने सावध राहू दिले पाहिजे. यजमान साठीच्या पुढचे असतील आणि दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील, तर मे २०२२ मधल्या नियमाप्रमाणे सरकारी केंद्रावर त्यांना तिसरा डोस, ज्याला प्रिकॉशन डोस म्हणतात, मोफत मिळतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारून तो घेतला आहे का, एवढे विचारा, आणि घेतला नसेल तर गाडीची सोय तुम्ही करा. मग सोसायटीकडून त्यांना काय हवे ते विचारा आणि लिहून घ्या. मला वाटते त्या फार मागणार नाहीत. यजमान तपासणीला जातात त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांना एकट्याने जाऊ द्यावे. त्यांच्याकडे येणाऱ्या बाईंना सर्दी-ताप असेल तर पगार न कापता सुट्टी मिळावी, आणि हे तर त्यांना स्वतःलाच करावे लागेल. मजल्यावरच्या कोणाला ताप आला तर त्याने लपवू नये, त्यांना कळवावे. रात्री-अपरात्री रुग्णालयात जायची वेळ आली तर ज्यांना हाक मारता येईल अशा तीन घरांची नावे त्यांच्याकडे असावीत. यांतली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि त्या तीन घरांतले एक घर ‘सगळे उघडा’ म्हणणाऱ्या ग्रुपमधले असावे यासाठी प्रयत्न करा.

आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर. ते तुम्ही द्यायलाच हवे असे नाही. दुःख हे कोणत्या बाजूने मत द्यायचे याचा पुरावा म्हणून सभेत मांडायची गोष्ट नाही, आणि तुम्ही खाली बसलात यात कमीपणा नाही. पण त्या घरी, दोघीच असताना, तुम्हाला बोलावेसे वाटले तर खरे तेच सांगा. तुमचा भाऊ गेला तेव्हा यांतले बहुतेक नियम लागू होते. दोरी होती, टेबल होते, बायका जिना चढत होत्या. तो ४३ वर्षांचा होता. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळिशीच्या पुढच्या सर्वांना लस मिळू लागली, आणि त्याच्या वयाच्या माणसांची पाळी १ मेपासून आली. त्या एप्रिलमध्ये खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी माणसे कशी धावत होती हे त्या बाईंनीही पाहिले आहे. तुम्ही दारे उघडायला निघालात ती भावाला विसरून नव्हे, हे वाक्य मात्र म्हणण्याची गरज पडू नये. ते त्यांना तुमच्याकडे पाहून कळेल, आणि कळले नाही तर वाक्याने कळणार नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, की त्या वर्षी गेलेल्या चौघांपैकी एकाचीही शोकसभा झाली नाही. मला वाटते तुमच्या सोसायटीतल्या भांडणाचा बराचसा भाग त्या ओळीत आहे. अंत्यसंस्काराला वीस माणसांची मर्यादा होती, आणि पुष्कळांना तेवढीही मिळाली नाहीत. घराघरांत माणसे गेली आणि शेजाऱ्यांनी दाराआडून पाहिले, कारण तेव्हा तेच बरोबर होते. ते दुःख कोणी एकत्र बसून वाटून घेतले नाही, आणि आता मास्क आणि लिफ्ट यांच्यावरून जे चिडणे चालले आहे त्यात ते मिसळले आहे. म्हणून सभागृहाचे कुलूप उघडल्यावर तिथला पहिला कार्यक्रम या चौघांच्या आठवणीसाठी ठेवा. चारही घरांना आधी विचारा. खिडक्या उघड्या ठेवा, खुर्च्या लांब लांब मांडा, ज्यांना मास्क लावायचा आहे त्यांनी लावावा. भाषणे नकोत, ज्यांना बोलायचे आहे त्यांनी बोलावे. त्या घरांत काम करणाऱ्या बायकांना आणि त्या रात्री रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडणाऱ्या वॉचमनलाही बोलवा, त्यांनीही ती माणसे रोज पाहिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना निमंत्रण द्यायला तुम्ही स्वतः जा. त्यांना यजमानांना सोडून येता येत नसेल, तर पुढच्या रांगेत कोणाच्या तरी हातात फोन चालू ठेवा, म्हणजे तुमच्या भावाविषयी कोण काय बोलले ते त्या दोघांना घरी बसून ऐकू येईल.